कप्पे चार, भानगड भिंतीत

मी शरीररचनाशास्त्र शिकवते. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची पोरं डिसेक्शन हॉलमध्ये येतात ती हृदयाची एक आकृती डोक्यात घेऊनच. शाळेच्या पुस्तकातली, उभी, चार कप्प्यांची, अर्धी निळी आणि अर्धी लाल. आकृती चुकीची नाही. पण तिच्यात सगळा मान कप्प्यांना आहे आणि मधल्या भिंती म्हणजे नुसत्या रेघा. हॉलमध्ये इतकी वर्षं काढल्यावर माझं मत उलटं झालंय. कप्पा म्हणजे शेवटी रिकामी जागा. जन्मतः जे बिघडतं, सर्जनला जिथं घाम फुटतो, ठोक्याचा निरोप जिथून जातो, ते बहुतेक सगळं भिंतींत आहे. टेबलाशी उभी राहून मी जे सांगते, ते इथं आकडे घालून लिहिलंय. क्रम पुस्तकातला नाही, माझा आहे.

१. आधी हृदय नीट धरा

हृदय हातात दिलं की बहुतेक जण टोक सरळ खाली करून धरतात, पत्त्यातला बदाम धरावा तसं. छातीत ते असं नसतं. ते तिरकं कललेलं असतं. टोक डावीकडे, पुढे आणि खाली, पाचव्या आणि सहाव्या बरगडीच्या मधल्या फटीपाशी. साधारण दोन तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे आणि एक तृतीयांश उजवीकडे.

असं धरलं की पहिला धक्का बसतो. 'उजवं हृदय' उजवीकडे कमी आणि समोर जास्त आहे. छातीच्या मधल्या हाडामागं जे लपलेलं असतं ते प्रामुख्यानं उजवं निलय (निलय म्हणजे खालचा कप्पा). म्हणून समोरून सुरा लागला तर बहुतेकदा पहिला वार त्याच्यावर बसतो. आणि 'डावं' अलिंद, म्हणजे वरचा कप्पा? समोरून बघाल तर त्याचा फक्त कानासारखा एक कोपरा डोकावतो. बाकी सगळं पाठीकडे, अन्ननलिकेला टेकून. आपल्याकडे सांधेहृदयाच्या तापानं झडप अरुंद झालेले रुग्ण अजून येतात. त्यांचं डावं अलिंद फुगत जातं, मागच्या अन्ननलिकेला दाबतं, आणि एखाद्याला घास गिळताना अडकल्यासारखं होतं. घशातून अन्ननलिकेत नळी घालून करायची इकोची तपासणी याच शेजाराचा फायदा उठवते. नळीच्या टोकापासून डावं अलिंद हाकेच्या अंतराहूनही जवळ असतं, मधे असते ती फक्त अन्ननलिकेची आणि अलिंदाची भिंत.

व्हायवाला मी रचनेचा प्रश्न विचारण्याआधी म्हणते, "धरून दाखव." निम्मी परीक्षा तिथंच होते.

२. कापण्याआधी धुवा

हे पुस्तकात नाही, हे आमच्या हॉलच्या मामांकडून शिकण्यासारखं आहे. मामा हृदय नळाखाली धरतात, वरच्या महाशिरेत बोट घालतात आणि आतली काळपट, रबरासारखी झालेली गुठळी हलक्या हातानं सोडवून ओढतात. ती अख्खी निघाली तर तिच्यावर उजव्या अलिंदाच्या आतल्या बाजूचा ठसा असतो. एका अंगाला गुळगुळीत, दुसऱ्या अंगाला रेघारेघांचा. मी ती गुठळी टाकू देत नाही. भिंत बघण्याआधी भिंतीचा साचा बघायला मिळतो.

मग कात्री. कात्री रक्ताच्या वाटेनं चालवायची. महाशिरेतून अलिंदात, अलिंदातून त्रिदल झडपेमधून निलयात, निलयाच्या कडेकडेनं टोकापर्यंत आणि तिथून वळून वर फुप्फुस धमनीत. अशानं मधली भिंत शाबूत राहते. जोशात येऊन पहिल्याच फटक्यात हृदयाची उभी दोन शकलं करणारा विद्यार्थी दर बॅचला एक तरी निघतो. त्याला चारही कप्पे दिसतात आणि बघण्यासारखं काहीच दिसत नाही.

३. एक हृदय आडवं कापा

प्रत्येक बॅचसाठी एक हृदय मी पावाच्या लादीसारखं आडवं कापून ठेवते. निलयांच्या मधोमधचा एक काप उचलून खिडकीसमोर धरायचा. डावं निलय गोल दिसतं, भिंत जाड, सेंटिमीटरभर किंवा थोडी जास्तच. उजवं निलय गोल नसतंच. ते कोरीच्या आकाराचं, डाव्याला बाहेरून चिकटलेलं आणि त्याची बाहेरची भिंत जेमतेम तीन-चार मिलिमीटरची.

या जाडीमागचा हिशोब दाबाचा आहे. डावं निलय दर ठोक्याला पाऱ्याच्या १२० मिलिमीटरच्या आसपास दाब तयार करतं. उजव्याला फुप्फुसापर्यंतच पोचायचं असतं, त्याचं २५ मध्ये भागतं. रक्त मात्र दोघंही सारखंच फेकतात. "मॅडम, डावं जास्त रक्त फेकतं ना?" हा प्रश्न हमखास येतो. नाही. एका बाजूनं रोज चमचाभर जरी जास्त फेकलं, तरी ते कुठं तरी साठत जाईल आणि फुप्फुसं भरून येतील.

आता मधली भिंत बघा. दोन निलयांमध्ये ती सरळ उभी नाही. ती उजवीकडे फुगलेली आहे आणि तिची जाडी डाव्या निलयाच्या बाकीच्या भिंतीइतकीच आहे. नावाला सामाईक, पण काम डाव्याचं करते. ठोका पडला की ती डाव्या बाजूकडे आकसते. ही निष्ठा दाबावर अवलंबून असते, एवढं लक्षात ठेवा. फुप्फुसांमधला दाब बराच वाढला, उजव्याला डाव्याइतका जोर लावावा लागला, की भिंत सपाट होते आणि इकोच्या पडद्यावर गोल निलयाचा इंग्रजी 'डी' झालेला दिसतो. इको करणारा डॉक्टर कुठंही सुई न टोचता उजव्या बाजूच्या दाबाचा अंदाज बांधतो, तो भिंतीच्या या वळणावरूनही.

४. कप्पा ओळखायचा आतून

हृदय उजव्या छातीत असलेली माणसं असतात. दोन्ही निलयांची अदलाबदल झालेली माणसंही असतात, त्यातली काही पन्नाशीपर्यंत बिनतक्रार जगतात. अशा वेळी 'उजवीकडे आहे म्हणजे उजवं निलय' हे गणित कोसळतं. कप्प्याची ओळख त्याच्या जागेवरून नाही, अंगावरच्या खुणांवरून पटते.

उजव्या अलिंदात एक उभा कंगोरा असतो. त्याच्या एका बाजूला गुळगुळीत भिंत आणि दुसऱ्या बाजूला कंगोऱ्यापासून निघालेले समांतर स्नायूंचे पट्टे. मघाच्या गुठळीवरच्या रेघा त्यांच्याच. वरची महाशीर अलिंदाला मिळते तिथं, कंगोऱ्याच्या माथ्याशी, ठोका सुरू करणारी गाठ आहे. ती १९०७ मध्ये कीथ आणि फ्लॅक यांनी दाखवून दिली. डाव्या अलिंदाचं अंग जवळजवळ सगळं गुळगुळीत. खडबडीतपणा उरतो तो त्याच्या कानात, आणि तो कान अरुंद, वाकडातिकडा. ठोके अनियमित झालेल्या माणसाच्या हृदयात गुठळी धरते ती बहुधा याच बोळात.

निलयांमध्ये मला सगळ्यात आवडते ती उजव्या निलयातली पट्टी. मधल्या भिंतीच्या खालच्या भागातून निघून पोकळी ओलांडून ती समोरच्या भिंतीला जाऊन चिकटते. लिओनार्दो दा विंचीच्या चित्रांतही ती आहे. निलय प्रमाणाबाहेर फुगू नये म्हणून हा लगाम आहे, असं पूर्वी समजत. आज आपल्याला माहीत आहे की विजेच्या निरोपाची उजवी फांदी याच पट्टीतून समोरच्या भिंतीकडे आडवाटेनं जाते. चिमटा पट्टीखालून घालून ती थोडी उचलून धरली की हॉलमध्ये मागच्या रांगेतली मुलंसुद्धा पुढे येतात. अशी पट्टी दिसली, आतले स्नायू जाडेभरडे दिसले आणि झडपेचं एक दल मधल्या भिंतीलाच धरून बसलेलं दिसलं, की ते उजवं निलय, मग ते छातीत कुठंही असो. डाव्या निलयाच्या भिंतीचा वरचा भाग गुळगुळीत असतो आणि त्याची मायट्रल झडप मधल्या भिंतीला धरत नाही.

५. छिद्र दिसतंय असं वाटणं आणि छिद्र असणं

उजव्या निलयाच्या बाजूनं मधल्या भिंतीकडे बघितलं तर स्नायूंच्या दोऱ्यांमध्ये असंख्य खळगे दिसतात. सळई घाला, आत जाते. अजून घाला, अडते. पलीकडे काही निघत नाही.

दुसऱ्या शतकातल्या गेलेननं असं मांडलं होतं की या भिंतीतल्या अदृश्य छिद्रांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपतं. हजार वर्षांहून जास्त काळ हेच शिकवलं गेलं. तेराव्या शतकात इब्न अल-नफीसनं स्पष्ट लिहिलं की भिंत घट्ट आहे, रक्त फुप्फुसांतूनच फिरून येतं. पण ते युरोपातल्या वर्गांपर्यंत पोचलं नाही. १५४३ मध्ये वेसालियसला खळगे दिसले, आरपार काही दिसलं नाही, आणि त्यानं आधी उपरोधानं आणि पुढच्या आवृत्तीत उघडपणे शंका घेतली. १६२८ मध्ये हार्वेनं रक्ताभिसरणाचं सगळं चक्रच मांडलं. मधल्या काळात ज्यांनी हृदयं कापली ते काही आंधळे नव्हते. त्यांनी सळई घालून पाहिली नाही, एवढंच. म्हणून मी विद्यार्थ्याच्या हातात आधी सळई देते, पुस्तक नंतर.

६. वरच्या भिंतीतली खरी भिंत अंगठ्याच्या पेराएवढी

दोन अलिंदांमधली भिंत उजवीकडून बघा. मधे एक लंबगोल खळगा आणि त्याभोवती उंच काठ. विद्यार्थ्यांना वाटतं की खळगा आणि काठ मिळून सगळी भिंत. तसं नाही. खळग्याचा तळ, तेवढीच खरी भिंत. भोवतालचा काठ, विशेषतः वरचा आणि मागचा, म्हणजे दोन अलिंदांच्या बाहेरच्या भिंती साडीच्या निरीसारख्या आत दुमडलेल्या आहेत आणि घडीत चरबी भरलेली आहे. बाहेरून ही घडी खाचेसारखी दिसते. ती हळूहळू सोडवत आत गेलं तर एकही कप्पा न उघडता दोन अलिंदांच्या मधे बोट जातं. सर्जन याच खाचेतून डाव्या अलिंदात शिरतात. ब्रिटिश रचनाशास्त्रज्ञ रॉबर्ट अँडरसन यांनी ही गोष्ट पुन्हा पुन्हा, चिकाटीनं सांगितली.

मग मी टॉर्च मागवते. डाव्या अलिंदातून उजेड टाकायचा आणि उजव्यातून बघायचं. खळग्याचा तळ उजळतो, काठ काळा राहतो. ज्याला भिंत कुठं संपते हे एकदा असं दिसलं, त्याला ते परत समजावून सांगावं लागत नाही.

हा फरक जिवाशी गाठ पडण्याइतका खरा आहे. अरुंद झालेली मायट्रल झडप फुग्यानं उघडण्याची पद्धत जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८०च्या दशकात आणली आणि आपल्याकडच्या असंख्य रुग्णांची त्यामुळे छाती उघडण्यापासून सुटका झाली. त्यासाठी मांडीच्या शिरेतून उजव्या अलिंदात यायचं आणि सुईनं भिंत भेदून डाव्यात जायचं. सुई खळग्यात टोचली तर थेट डावं अलिंद. काठावर टोचली तर घडीतून हृदयाच्या बाहेर, आणि हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त.

हा खळगा आला कुठून? गर्भाची फुप्फुसं बंद असतात. वारेतून आलेलं चांगलं रक्त खालच्या महाशिरेतून उजव्या अलिंदात येतं आणि भिंतीतल्या वाटेनं सरळ डाव्यात जातं. या वाटेवर डाव्या बाजूनं एक पातळ पापुद्रा असतो. बाळ पहिला श्वास घेतं, फुप्फुसांतून रक्ताचा लोंढा डाव्या अलिंदात येतो, तिथला दाब वाढतो आणि पापुद्रा भिंतीवर दाबला जातो. पुढच्या काही महिन्यांत तो चिकटतो. म्हणजे बहुतेकांचा चिकटतो. साधारण चारांतल्या एकाचा आयुष्यभर नुसता टेकलेला राहतो. काठाच्या वरच्या बाजूनं सळई तिरकी सरकवली की ती अलगद डावीकडे निघते. एका टेबलावर निघते, शेजारच्या टेबलावर निघत नाही, आणि मग हॉलभर "आमच्याकडे आहे, आमच्याकडे आहे" सुरू होतं. ज्यांनी देह दिला त्यातल्या बहुतेकांना हे कधी कळलंही नसेल. त्रास झाला तर क्वचितच, एखादी बारीक गुठळी या फटीतून मेंदूकडे गेली तर.

७. टाचणीचा प्रयोग

हा माझा लाडका. टाचणी घ्या. उजव्या अलिंदात, त्रिदल झडपेच्या आतल्या दलाच्या किंचित वर, भिंतीत टोचा. कुठं निघेल?

सगळे म्हणतात, डाव्या अलिंदात. ती निघते डाव्या निलयात, महाधमनीच्या झडपेच्या जरासं खाली.

कारण दोन बाजूंच्या झडपा एका पातळीवर नाहीत. त्रिदल झडपेचं आतलं दल भिंतीला मायट्रलपेक्षा थोडं खाली, टोकाच्या दिशेनं चिकटलेलं असतं. त्यामुळे मधल्या पट्ट्यात भिंतीच्या एका बाजूला वरचा कप्पा आणि दुसऱ्या बाजूला खालचा कप्पा येतो. तिथला एक भाग स्नायूचा नाही, पांढुरका पडदा आहे, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. टॉर्च लावला तर तोही उजळतो. डाव्या निलयातून उजव्या अलिंदात रक्त जाण्याचं एक दुर्मीळ भोक याच जागी असतं. १९५८ मध्ये त्यावरच्या शस्त्रक्रियांबद्दल लिहिणाऱ्या फ्रँक जर्बोड यांचं नाव त्याला लागलं. अशी चौकोनांना ओलांडून तिरकी जाणारी वाट चार चौकोनांच्या आकृतीत काढायलाच जागा नाही.

८. भिंतीत तार आहे

अलिंद आणि निलय यांच्यामध्ये तंतूंच्या कड्यांचा एक सांगाडा आहे. झडपा त्याला धरून असतात. पण त्याचं दुसरं काम मोठं आहे. तो वीज अडवतो. वरचा निरोप खाली जाण्यासाठी निरोगी हृदयात एकच वाट आहे. उजव्या अलिंदाच्या तळाशी, हृदयाच्या स्वतःच्या शिरेचं तोंड आणि त्रिदल झडप यांच्या मधल्या कॉखच्या त्रिकोणात एक गाठ आहे. तिथून निघालेला जुडगा सांगाडा भेदून मघाच्या पांढुरक्या पडद्याच्या खालच्या कडेनं जातो आणि मग डाव्या-उजव्या फांद्यांत फुटतो. जुडगा विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये वर्णिला. गाठ आणि पुढची सगळी जोडणी सुनाओ तावारा या जपानी तरुणानं जर्मनीत, मारबुर्गला बसून १९०६ मध्ये उलगडली. नुसत्या डोळ्यांनी ही तार दिसत नाही. मी विद्यार्थ्यांना फक्त जागा दाखवते आणि सांगते की इथं आहे असं धरून चाला.

धरून न चालल्याची किंमत सर्जनांना मोजावी लागली आहे. १९५४ मध्ये मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी निलयांमधल्या भिंतीचं भोक शिवायला सुरुवात केली. तेव्हा हृदय-फुप्फुसांचं काम करणारं मशीन त्यांच्या हाताशी नव्हतं. मुलाच्या शरीरातलं रक्त फिरवायला आई किंवा वडील शेजारच्या टेबलावर झोपत आणि त्यांच्याच हृदयावर मुलाचं काम चाले. धाडस थक्क करणारं होतं. पण काही मुलांचं भोक नीट शिवलं गेलं आणि ठोका मात्र मंदावला. सर्वांत जास्त आढळणारं भोक पांढुरक्या पडद्याशीच असतं आणि त्याच्या काठावरून तार जाते. टाका काठावर घेतला की तार टाक्यात. त्या मुलांसाठी खोलीतल्या प्लगच्या विजेवर चालणारं यंत्र वापरावं लागे, वायरच्या लांबीपलीकडे मूल हलू शकत नसे आणि वीज गेली की सगळ्यांचा जीव टांगणीला. १९५७ मध्ये अर्ल बाकन यांनी लिलेहाय यांच्या सांगण्यावरून बॅटरीवर चालणारा छोटा पेसमेकर बनवला. आज ज्या पेसमेकरसह कोणाचे आजोबा सकाळी फिरायला जातात, त्याच्या गोष्टीतलं एक महत्त्वाचं प्रकरण भिंतीतल्या एका टाक्यापाशी घडलं.

९. भोक किती मोठं, याआधी विचारा कुठं

मी रुग्ण तपासत नाही. तरी ओळखीतून, शेजारून, गावाकडून लोक रिपोर्ट घेऊन येतात. सोलापूरकडची एक बाई अशीच आली होती. अंगणवाडीत तपासणीच्या पथकानं मुलाच्या छातीत आवाज ऐकला, इको झाला. कागदावर निलयांमधल्या भिंतीत, स्नायूच्या भागात, लहान छिद्र. तिनं कागद माझ्यासमोर उघडला, घड्या सरळ केल्या आणि म्हणाली, "मॅडम, पडद्याला भोक हाय म्हनं. आतलं रगत पोटात गळतंय का वो?"

हा प्रश्न तिनं डॉक्टरांना विचारला नव्हता. भीड वाटली होती. मी कागदावर भिंत काढली आणि दाखवलं, की रक्त बाहेर कुठंच जात नाही. डावीकडे जोर जास्त, म्हणून ते भोकातून उजवीकडे शिरतं आणि फुप्फुसांत परत एक फेरी मारून येतं. फेरी लहान असेल तर फारसं बिघडत नाही.

"मग आवाज एवढा मोठा कसा? डॉक्टर म्हनले, लई मोठा आवाज हाय."

लहान भोकाचा आवाज मोठा असतो. हे आंरी रोजे या फ्रेंच डॉक्टरांनी १८७९ मध्येच लिहून ठेवलंय. मोठ्या भोकात दोन्ही बाजूंचे दाब सारखे व्हायला लागतात, रक्ताचा फवारा राहत नाही आणि आवाज दबतो. जन्मल्या दिवशी तर मोठ्या भोकाचाही आवाज बहुधा येत नाही, कारण तेव्हा फुप्फुसांतला दाब अजून चढा असतो. तो काही आठवड्यांत उतरतो आणि मग आवाज उमटतो. "जन्मताना डॉक्टरांना कळलं नाही" असा राग धरणाऱ्या आईबापांना मी हे आवर्जून सांगते. अलिंदांमधल्या भोकाचं वेगळंच. तिथं दोन्हीकडचे दाब मुळात कमी, म्हणून भोकातून आवाज येतच नाही. जो ऐकू येतो तो फुप्फुस धमनीच्या झडपेतून जादा रक्त जातं त्याचा. अशी भोकं तिशी-चाळिशीतही पहिल्यांदा सापडतात.

जागेवर पुढचं सगळं ठरतं. स्नायूच्या भागातली लहान भोकं मूल वाढताना पुष्कळदा आपोआप बुजतात. महाधमनीच्या झडपेखालचं भोक लहान असलं तरी झडपेचं दल त्यात ओढलं जाऊ शकतं, म्हणून त्यावर लक्ष ठेवावं लागतं. अलिंदांच्या भिंतीतलं भोक खळग्यात असेल तर मांडीतून नेलेली, भोक बुजवणारी छत्री बसवता येते, कारण छत्रीला धरायला काठ असतो. वरच्या महाशिरेपाशी, म्हणजे खऱ्या भिंतीच्या बाहेर असेल तर ही नेहमीची छत्री बसत नाही. आणि मोठं भोक वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर फुप्फुसांच्या धमन्या जाड होतात, दाब उलटतो, अशुद्ध रक्त डावीकडे जायला लागतं, ओठ निळे पडतात. त्या टप्प्यावर भोक बुजवणंच धोक्याचं होतं. आयझेनमेंगरनं १८९७ मध्ये असा एक रुग्ण वर्णिला होता. वेळेत तपासणीचं महत्त्व ते एवढ्यासाठी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरलाच झाली. अंगणवाडीत आणि शाळेत येणारी ती पथकं याच कार्यक्रमाची, आणि पुढचे उपचारही त्याखाली मोफत होतात.

त्या बाईला मी चार प्रश्न कागदावर लिहून दिले. भोक कोणत्या भिंतीत आहे? किती मिलिमीटरचं? रक्त कुठून कुठं जातंय? फुप्फुसांतला दाब किती? तिनं कागद ब्लाउजमध्ये खोचला आणि निघताना म्हणाली, "पाचवा मी इचारते. पोराला पळू द्यू का नको?" तो माझ्या यादीत असायला हवा होता. आता असतो.

१०. डॉक्टर नसाल तरी

भिंत बघायला मेडिकलला प्रवेश घ्यावा लागत नाही. बोकडाचं हृदय रचनेनं आपल्या हृदयाच्या बरंच जवळ आहे आणि त्यातली ती उजव्या निलयातली पट्टी चांगली ठळक असते. नात्यातल्या मुलांना मी सुट्टीत हेच दाखवते. मटणाच्या दुकानात जाऊन 'दिल' मागायचं, वरच्या नळ्या आणि चरबी न काढता. घरी आणून नळाखाली धुवायचं, दोन्ही बाजू अंगठ्यानं दाबून बघायच्या. मऊ लागते ती उजवी, घट्ट लागते ती डावी. मग साध्या कात्रीनं उजवी बाजू कडेकडेनं उघडायची, पट्टीखालून काडेपेटीतली काडी घालायची आणि मुलांना सांगायचं की वीज इथून जाते. खळगा सापडला तर मोबाइलचा टॉर्च लावून बघा.

फक्त ऑर्डर देतानाच "अख्खं हवं, कापू नका" असं दोनदा सांगा. नाहीतर दुकानदार बोलता बोलता सवयीनं त्याचे चार तुकडे करतो. मग त्यात भिंत शोधण्यात अर्थ नाही, मिरी-लसूण लावून तव्यावर टाकलेलं बरं.